खोक्यावरचं सगळं वाचलंस, विचार कधी केलास?

कानातले ते बोळे आधी काढ. दोन्ही. आता सांग, कितीला घेतलेस? नऊशेला, मेट्रो स्टेशनच्या बाहेर, हातगाडीवर! आणि वर तोंड करून सांगतोस की दुकानात हेच अडीच हजारांना आहेत. अरे, मग त्या गाडीवाल्याला नऊशेत ते कसे परवडतात, एवढं तरी मनात यायला हवं होतं. उद्या जिल्हा चालवायला निघालेला तू!

डबी दे इकडे. हे बघ, झाकणाची फट सगळीकडे सारखी नाही, या बाजूने नख आत जातं. खोक्यावर कंपनीच्या नावातलं एक अक्षर गायब. आयात कोणी केली, त्याचं नाव नाही, पत्ता नाही. बिनतारी इअरफोनला आपल्याकडे बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की ती नोंदणी कोणाची, ते समोर येतं. ॲप फुकट आहे. रील बघायला रात्र पुरत नाही तुला, यासाठी दोन मिनिटं नव्हती?

दिल्लीत नकली मालाला तोटा नाही. पालिका बाजार आणि करोल बागेतला टँक रोड ही नावं अमेरिकी सरकारच्या बदनाम बाजारांच्या यादीत येऊन गेली आहेत. हसू नकोस, त्याच यादीत मुंबईचं हिरापन्नाही येऊन गेलंय.

बरं, घेतलेस कशासाठी? 'सर, नॉइज कॅन्सलेशन आहे.' कुठे आहे? खोक्यावर ईएनसी लिहिलंय, एएनसी नाही. ईएनसी हे माइकसाठी. तू फोनवर बोलताना तुझ्या मागचा गोंगाट पलीकडच्याला कमी ऐकू यावा, एवढंच त्याचं काम. तुझ्या कानात शिरणारा आवाज त्याने तसूभरही कमी होत नाही. म्हणजे आईला तुझं बोलणं नीट ऐकू जाईल, तुला मात्र मेट्रोची घरघर तेवढीच. एका अक्षराचा फरक, आणि तोच तुझ्या लक्षात आला नाही. प्रश्नपत्रिकाही अशीच वाचतोस, म्हणून पूर्वपरीक्षेत गुण जातात.

'पन्नास तास बॅटरी' म्हणे. ते डबीतल्या बॅटरीसकट. '20 ते 20,000 हर्ट्झ' म्हणे. तो माणसाच्या कानाचा आवाका आहे, स्वस्तातल्या आणि महागातल्या दोन्ही खोक्यांवर तोच छापतात. त्यावरून आवाज कसा आहे, ते काडीचं कळत नाही.

आता गरज बघ. जुन्या राजेंद्रनगरात लाकडी पार्टिशनच्या खोलीत राहतोस. शेजारचा खोकला तरी ऐकू येतो. दिवसाचे सहा-आठ तास व्याख्यानं ऐकायची, तीही दुप्पट वेगाने. म्हणजे शब्द स्पष्ट हवेत, बाहेरचा आवाज आत येऊ नये आणि ऐन वेळी चार्जिंग संपू नये. याला वायरवाला, कानाच्या आत बसणारा इअरफोन पुरतो. चांगल्या कंपनीचाही हजाराच्या आत येतो. पण वायर लावली की मुलं हसतात, होय ना? नाकापेक्षा मोती जड झालाय तुझा.

तुझ्या या बोळ्यांसोबतही लहान, मध्यम, मोठे असे रबरी टोप येतात, ते कुठे आहेत? खोक्यातच? सगळी गोम तिथे आहे. टोप कानात घट्ट बसला नाही की खर्ज निसटतो आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. मग तू आवाज वाढवतोस. दोन कानांना दोन मापं लागली तरी लाजायचं कारण नाही. लावून बघ. स्वतःच्या आवाजाला घुमारा आला की टोप बसला.

आवाज वाढवण्याचाच मला खरा राग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास ऐकता येतं, 90 डेसिबलला फक्त चार. दहा डेसिबलच्या फरकाने आठवड्याची मुदत चाळीस तासांवरून सकाळच्या एका बैठकीवर आली. कानातल्या बारीक केसांच्या पेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत, आणि त्या कुठल्याही बाजारात मिळत नाहीत. आणि काल पुसा रोड ओलांडताना दोन्ही कान बंद होते तुझे. मागून बस कर्कश हॉर्न देत होती, मी पाहिलंय.

तुझ्या फोनला गोल जॅक नाही, हेही ध्यानात ठेव. टाइप-सीचा अडॅप्टर घेशील तो चिप असलेला घे. नुसतं तारेचं जोडणं स्वस्त पडतं, पण बऱ्याच फोनवर मुकं राहतं.

उद्या राजेंद्र प्लेसवरून निळ्या मार्गाने मंडी हाउसला जा, तिथून जांभळ्या मार्गाने नेहरू प्लेस. पण तिथेही फुटपाथवर नाही, दुकानात जा. स्वतःचा फोन लावून, एखादं व्याख्यान दुप्पट वेगाने ऐकून घे. पक्कं बिल माग. बिलाशिवाय थोडं कमी करतो म्हणाला, तर उठून दुसऱ्या दुकानात जा. बिल असलं तर बिघडल्यावर वॉरंटी मागता येते, आणि दुकानदार ऐकत नसेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. हे नऊशे गेले ते गेले. घरी मात्र खरं काय ते आजच सांग, महिन्याचे पैसे वडील पाठवतात.