मळ्यातल्या पाटाचे पाणी

मित्रांच्या सहवासात सरणारे साधे दिवस, म्हणजे एका पंगतीला जेवणे, उन्हात बसून बोलणे, दिवेलागणीपर्यंत एखाद्या शब्दावर वाद घालणे, हे स्वतःच श्रेय आहे की वरच्या एखाद्या श्रेयाकडे नेणारे केवळ साधन, हा प्रश्न पाश्चात्त्य तत्त्वविचारात जुना आहे. माणसांचे एकत्र राहणे म्हणजे गुरांचे एका कुरणात चरणे नव्हे, तर बोलण्यात आणि विचारात परस्परांचे वाटेकरी होणे होय, असे ॲरिस्टॉटलने मैत्रीची मीमांसा करताना म्हटले होते. ख्रिस्ती विचारात मात्र हा प्रश्न अधिक अवघड झाला. अंतिम श्रेय ईश्वर हेच ठरल्यावर मित्र, जेवण आणि हवापाणी यांना जागा कोठे द्यायची, याचा निवाडा करणे भाग पडले. या अवघडलेपणाचा सर्वांत बोलका दाखला इ.स. 386 च्या पानगळीत उत्तर इटलीतील कॅसिसियाकुम येथील एका मळ्यावर मिळतो.

रोमन आफ्रिकेतील तागास्ते गावी, म्हणजे आजच्या अल्जीरियात, 354 साली जन्मलेला ऑगस्टीन तेव्हा मिलानमध्ये वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक होता. 386 मध्येच ख्रिस्ती जीवन पत्करण्याचा त्याचा निश्चय झाला, छातीच्या दुखण्याने शिकवणेही कठीण झाले, आणि वेरेकुंदुस या अध्यापक मित्राने आपले शेतघर त्याला राहायला दिले. बरोबर आई मोनिका, भाऊ नाविगियस, पौगंडवयातील मुलगा आदेओदातुस, जिवलग मित्र आलिपियस, दोन चुलत-मावस भावंडे आणि लिकेन्तियस व त्रिगेतियस हे दोन तरुण शिष्य असा गोतावळा होता, आणि आपली माणसे सोडली तर मुलूख परकाच होता. रोमन सुशिक्षितांच्या भाषेत अशा वास्तव्याला ‘ओटियम’ म्हणत. ओटियम म्हणजे आळस नव्हे, तर सार्वजनिक कामकाजातून मोकळे होऊन अभ्यासाला दिलेली सवड. येथे ती सवड निर्भेळ नव्हती, कारण मळ्याची कामे निस्तरण्यात आणि मुलांना व्हर्जिलचे काव्य शिकवण्यात काही दिवस सरत. मराठी वाचकाला येथे ‘सत्संग’ हा शब्द आठवेल, पण तो नीट बसत नाही; सत्संगात एक सांगणारा आणि बाकीचे ऐकणारे असतात, तर या मळ्यावर कोवळ्या वयाचा मुलगाही मध्येच बोले आणि घरातील वडीलधारी बाई जेवायला बोलावून वाद तोडून टाकी.

ही संभाषणे लघुलेखकाकडून टिपून घेतली जात आणि त्यांतून संवादग्रंथ सिद्ध झाले. त्यांपैकी ‘सुव्यवस्थेविषयी’ या ग्रंथाचा आरंभ एका आवाजाने होतो. रात्री जागा असलेल्या ऑगस्टीनला न्हाणीघरामागून वाहणाऱ्या पाण्याचा नाद मध्येच मोठा आणि मध्येच मंद होताना ऐकू येत होता आणि कारण उमगत नव्हते. तेवढ्यात उंदरांना पिटाळण्यासाठी लिकेन्तियसने लाकडावर काठी आपटली आणि तोही जागा असल्याचे कळले. कारण त्या पोरानेच सांगितले: गळालेली पाने पाटाच्या अरुंद जागी अडकून तुंबा होतो, पाणी चढले की तो फुटतो, आणि पुन्हा पाने साचतात. अंधारात अंथरुणावरच सुरू झालेला हा विचार जगात कारणावाचून काही घडते का, आणि दुष्टताही ईश्वरी व्यवस्थेत बसते का, इथपर्यंत गेला. पुढे न्हाणीघराच्या वाटेवर कोंबड्यांची झुंज दिसली, तर मंडळी तेथेच थबकली; विजयी कोंबड्याचा ताठा आणि हरलेल्याची पिसे उपटलेली मान यांतही काही प्रमाणबद्ध सौंदर्य दिसते, असे ऑगस्टीन नोंदवतो. लिकेन्तियस शौचकूपात बसून स्तोत्र गातो म्हणून मोनिका त्याला रागे भरली, तेव्हा घाणीतून आणि काळोखातून सुटका मागणाऱ्याने आणखी कोठून हाक मारावी, असा ऑगस्टीनचा निवाडा पडला. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात ही नोंद ठेवावी असे त्याला वाटले, ही गोष्ट लहान नाही.

13 नोव्हेंबरला ऑगस्टीनच्या वाढदिवशी, बुद्धीला जडपणा येऊ नये इतपतच बेताचे जेवण झाल्यावर, सुख कशात आहे यावर तीन दिवस चर्चा चालली. हवे ते मिळाले म्हणजे माणूस सुखी का, या प्रश्नावर मोनिका म्हणाली की चांगले हवे असून मिळाले तर सुखी, पण वाईट हवे असेल तर मिळूनही दुःखीच. ज्याच्यापाशी ईश्वर तो सुखी, या दिशेने चर्चा गेली. पुढे ऑगस्टीनने ‘वापरणे’ आणि ‘उपभोगणे’ असा प्रसिद्ध भेद केला: जे दुसऱ्या श्रेयासाठी जवळ करायचे ते वापरायचे, आणि जे त्याच्याच खातर प्रिय मानायचे ते उपभोगायचे, या अर्थाने उपभोगण्याजोगा केवळ ईश्वर. हा भेद काटेकोरपणे लावला, तर पाटाचे पाणी ही केवळ शिडी ठरते आणि वर चढल्यावर तिचा विसर पडायला हरकत नाही. बऱ्याच अंशी तसे झालेही. सुमारे दहा वर्षांनी लिहायला घेतलेल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात त्या संवादांना अजून गर्वाच्या शाळेचा वास होता, असा ठपका त्याने स्वतःवर ठेवला. पाट, उंदीर आणि कोंबडे गळाले, आणि बोलता येईना इतकी दाढ दुखल्याने मेणपाटीवर लिहून सोबत्यांना प्रार्थना करायला सांगितल्याचा एक प्रसंग मात्र राहिला.

तरीही सिद्धान्तापेक्षा टिपणवही अधिक जाणत होती असे म्हणायला जागा आहे, आणि त्याला आधार त्याच ‘कबुलीजबाबा’त मिळतो. मळ्याचा धनी वेरेकुंदुस त्या मुक्कामात सामील नव्हता. त्याची पत्नी ख्रिस्ती होती, पण ब्रह्मचर्य पाळूनच ख्रिस्ती व्हायचे असा त्याचा हट्ट असल्याने, विवाहबंधनामुळे तो मागे राहिला. पुढे आजारपणात बाप्तिस्मा घेऊन तो वारला, त्या वेळी ही मंडळी रोममध्ये होती. कॅसिसियाकुमच्या त्या घराची परतफेड म्हणून ऑगस्टीन ईश्वरापाशी या मित्रासाठी जे मागतो, तो केवळ प्रकाश नव्हे आणि निराकार शांतीही नव्हे. तो मागतो, जेथील हिरवळ कधी सुकत नाही असा मळा.