वाळूत पुरलेली सुई

पुस्तकातल्या माणसाचे व्यसन नटाने सोडवावे काय? प्रश्न चमत्कारिक वाटेल खरा. पण जेरेमी ब्रेट या इंग्रज नटाने तसे केले, आणि ते योग्य की अयोग्य याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

१९८४ ते १९९४ अशी दहा वर्षे ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या मालिकेत ब्रेट शेरलॉक होम्स होत असे. लहानमोठे मिळून ४१ भाग. १९६४ च्या 'माय फेअर लेडी'तला देखणा फ्रेडी तो हाच. (गाण्याचा गळा मात्र दुसऱ्याचा!) गंमत अशी की, १९८० मध्ये अमेरिकेत एका नाटकात तो होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन झाला होता.

होम्सच्या बाबतीत त्याचा एकच हट्ट असे. कॉनन डॉइलने लिहिले तेच पडद्यावर आले पाहिजे. पटकथेने मूळ कथा सोडली की हा पुस्तक पुढे करून भांडायला उभा. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. असा नट लाभणे हे लेखकाचे भाग्य, असेच मी म्हणेन.

आता, डॉइलचा होम्स कोकेन टोचून घेतो. १८९० च्या 'द साइन ऑफ फोर'ची सुरुवातच त्या सुईने होते. पण आपली मालिका पुष्कळ मुले पाहतात हे ब्रेटला कळले, आणि या ग्रंथनिष्ठ माणसाने डॉइलची कन्या डेम जीन यांच्याकडे परवानगी मागितली. ती मिळाली. १९८८ च्या 'द डेव्हिल्स फूट' या भागात, हवापालटासाठी कॉर्नवॉलला गेलेला होम्स समुद्रकाठी ती सुई वाळूत पुरून टाकतो. मूळ कथेत हे नाही.

माझ्यातला मास्तर म्हणतो, छान केले. कादंबरीकार कुरकुरतो. डॉइलनेही होम्सला त्या व्यसनातून काढले होते, पण कसे? १९०४ च्या एका कथेत वॉटसन सांगतो की, हे काम आपण वर्षानुवर्षे, हळूहळू केले, आणि तरीही ती भूक मेलेली नाही, केवळ निजली आहे. वाळूत सुई पुरण्यापेक्षा हे कितीतरी खरे! ज्यांच्या घरात कोणी दारू सोडण्याचा प्रयत्न केला असेल, त्यांना हे निराळे सांगायला नको. पण दहा वर्षांच्या पोराला 'निजली आहे' म्हणजे काय ते कसे समजावे? आणि होम्सचे धूम्रपान पडद्यावर राहिलेच की. ब्रेट स्वतःही अतोनात सिगारेटी ओढी. लहानपणीच्या आजाराने हृदय आधीच अधू झालेले. १९९५ मध्ये, ६१ व्या वर्षी, ते बंद पडले.

त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. वर्गात ही गोष्ट सांगताना मी सुईचे पान सरळ उलटले होते. आणि मी तर कोणाची परवानगीही मागितली नव्हती. पुढल्या वर्षी एक विद्यार्थी पुस्तक घेऊन आला.

"गुरुजी, हे तुम्ही सांगितलंच नव्हतं."

"तू लहान होतास."

"मागच्याच वर्षी तर!"

मी गप्प. तो मात्र रागावलेला दिसला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, "मग सुटली का त्याची ती सवय?"

मी कपाट उघडले आणि वॉटसनची ती कथा असलेले पुस्तक त्याच्या हाती दिले.