जोड कोणी लावली?

बॉक्सिंगची पहिली लढत हरून रिंगबाहेर आलेल्या मुलाला जो तो एकच गोष्ट ऐकवतो: हार हाच मोठा गुरू. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आणि त्या क्षणी पोराच्या पाठीवर कुणाचा तरी हात हवाच असतो. पण या वाक्यामुळे शिकण्याची सगळी जबाबदारी अलगद त्या मुलावर जाऊन पडते. तो पुन्हा तालमीला आला नाही, तर कच्चा निघाला म्हणून सगळे मोकळे. मला हे मान्य नाही. पहिल्या लढतीतून मुलगा काय शिकेल हे बरंचसं घंटा वाजण्याआधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरवणारी माणसं वयाने मोठी असतात.

जो लुईस पुढे बारा वर्षं हेवीवेट जगज्जेता राहिला. डेट्रॉइटमध्ये १९३२ साली त्याची पहिली हौशी लढत झाली, तेव्हा त्याचं वय विशीच्याही आत होतं. आईने व्हायोलिनच्या शिकवणीसाठी दिलेले पैसे त्याने व्यायामशाळेच्या फीसाठी वापरले, ही गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. त्याच्यासमोर त्या दिवशी कोण उभा होता, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. तो होता जॉनी मायलर, त्याच वर्षी लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून उतरलेला बॉक्सर. लुईस सात वेळा खाली पडला आणि लढत हरला. त्याला मिळालं सात डॉलरचं, दुकानात वस्तू घेण्यापुरतं कूपन. त्यानंतर काही महिने त्याने बॉक्सिंगकडे पाठ फिरवली आणि फोर्डच्या कारखान्यात काम धरलं.

तो परतला, हौशी गटात चोपन्नपैकी पन्नास लढती जिंकला, आणि म्हणून ही कथा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच. पण ज्या मुलांना पहिल्याच दिवशी असा मायलर भेटला आणि जी परतली नाहीत, त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत. परतलेल्या एकाकडे बोट दाखवून पद्धत बरोबर होती असं म्हणणं हा सरळ चुकीचा हिशेब आहे. सात वेळा पडून लुईस त्या दिवशी नेमकं काय शिकला असेल? पहिल्यांदा पडला तो डावा हात खाली आला म्हणून, की पाय एका रेषेत आले म्हणून? दुसऱ्यांदा? चुकांची अशी सरबत्ती झाली की त्यातली एकही वेगळी काढून तपासता येत नाही. अंगात उरते ती फक्त भीती.

याच लुईसच्या पुढच्या आयुष्यात याच्या नेमकं उलट घडलं. जून १९३६ मध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत नॉकआउट केलं. डाव्या हाताचा जॅब मारल्यावर लुईस तो हात परत हनुवटीपाशी आणायच्या ऐवजी खाली सोडतो, हे श्मेलिंगने हेरलं होतं, आणि त्या फटीतून तो उजवा ठोसा घालत राहिला. पराभव मोठा होता, पण चूक एक होती आणि ती दिसत होती. प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्नला ती दुरुस्त करून घेता आली. दोन वर्षांनी त्याच श्मेलिंगला लुईसने १२४ सेकंदांत संपवलं. पराभवातून शिकण्याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. तिथे लुईसकडे तोवरचा अनुभव होता आणि शेजारी चूक ओळखणारा माणूस होता.

नवख्याकडे यातलं काहीच नसतं. तालमीत जॅब, गार्ड, पायांची चाल सगळं जमत असतं. रिंगमध्ये पहिला ठोसा लागला की श्वास कोंडला जातो. मूठ सतत आवळलेली राहते, त्यामुळे फेरी संपायच्या आत खांदे शिशासारखे जड होतात. स्वतः ठोसा मारताना डोळे मिटतात, हनुवटी वर येते, मागे सरताना तो सरळ रेषेत मागे जातो आणि दोरांवर आदळतो. कॉर्नरमधून ‘हात वर, हात वर’ म्हणून गळा फाटेस्तोवर ओरडलेलं त्याला ऐकूच येत नाही. जाणता प्रशिक्षक मधल्या मिनिटभरात पाच सूचना देत नाही. तो आधी पाणी देतो, श्वास सोडायला लावतो, मग एकच गोष्ट सांगतो. दुसऱ्या फेरीत मुलाने ती एक गोष्ट दोनदा जरी केली, तरी त्याच्या हाती पुढे आयुष्यभर पुरणारं काही लागलेलं असतं: घाबरलेला असतानाही आपण विचार करू शकतो. पण त्यासाठी समोरच्याकडून तेवढी उसंत मिळायला हवी. समोर कसलेला बॉक्सर असेल तर ती मिळत नाही.

मुहम्मद अलीची पहिली लढत इथे शेजारी ठेवून पाहावी. लुईव्हिलमध्ये १९५४ साली बारा वर्षांच्या कॅशियस क्लेची (अलीचं तेव्हाचं नाव) सायकल चोरीला गेली, तक्रार ऐकणारा पोलीस जो मार्टिन मुलांना बॉक्सिंग शिकवणारा निघाला, आणि काही आठवड्यांतच क्ले रिंगमध्ये उतरला. समोर रॉनी ओकीफ नावाचा त्याच्यासारखाच पोरसवदा मुलगा होता. क्ले जिंकला, पण पंचांचं एकमत झालं नाही. मला या निकालापेक्षा ते मतभेद मोलाचे वाटतात. ज्या लढतीत पंच विभागले जातात, तिथे हरलेला मुलगाही काहीतरी केल्याचं समाधान घेऊन घरी जातो.

हे शहाणपण आपल्याकडे कुस्तीत होतं. जत्रेच्या फडात रेवड्यांवरच्या कुस्त्या आधी लागायच्या, मग नारळाच्या, आणि मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी. पोरं जोड मागत आखाड्याभोवती फिरायची आणि जाणती माणसं त्यांना शेजारी शेजारी उभं करून अंगलोट पाहायची, कुणाच्या तालमीचा, किती दिवस माती अंगाला लागली आहे हे विचारायची. जोड विजोड वाटली तर हात झटकायची. फारच झुंजली तर कुस्ती बरोबरीत सोडवायची. त्यातही वशिला, गावकी चालत असेलच. पण जोड लावणं ही जबाबदारीची गोष्ट आहे, हे सर्वांना मान्य होतं.

बॉक्सिंग स्पर्धांमध्ये आपण वय आणि वजन पाहतो आणि पुढचं चिठ्ठ्यांवर सोडतो. एका वजनगटात चार-पाच नावं आली असतील, तर पहिल्यांदाच ग्लोव्हज घालून उतरलेल्या पोरासमोर राज्य पातळीचं पदक मिळवलेला मुलगा सहज येऊ शकतो. वजन सारखं, म्हणून नियमाला काही खटकत नाही. अमेरिकेत दहा किंवा त्याहून कमी लढती झालेल्यांसाठी नवशिक्यांचा वेगळा गट असतो. इंग्लंडमध्ये क्लबांच्या लढती ठरवताना वय आणि वजनाबरोबर आधीच्या लढतींची संख्याही पाहिली जाते. यासाठी फार मोठा पैसा लागत नाही. जिल्ह्यातल्या चार क्लबांनी महिन्यातून एकदा एकत्र येऊन निकाल न लावता नवख्यांच्या लढती घेतल्या, तरी बराच फरक पडेल.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं यावर हमखास ऐकवलं जातं. खरं आहे, पण टाकी धरणाऱ्याचा हात शिकलेला असावा लागतो, नाहीतर मूर्तीऐवजी खडी पडते. शिवाय इथे दगड नाही, वाढत्या वयातला मेंदू आहे. डोक्याला मार लागून लढत थांबवावी लागली तर हौशी बॉक्सिंगच्या नियमांप्रमाणे बॉक्सरला किमान तीस दिवस लढत आणि स्पारिंग दोन्ही बंद असतं. हा नियम मुलाच्या जिद्दीकडे बघत नाही, आणि तेच बरोबर आहे. तालमीत मात्र ‘काही होत नाही’ म्हणत त्याच आठवड्यात पोराला पुन्हा स्पारिंगला उभं करणारे असतात, आणि त्यांचं कौतुकही होतं.

म्हणून मुलाच्या पहिल्या लढतीच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी आईवडिलांनी प्रशिक्षकाला विचारावं: समोरच्या मुलाच्या आजवर किती लढती झाल्या आहेत, आणि आमचं पोर अडचणीत आलं तर टॉवेल कोण टाकणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर चिठ्ठी निघाल्यावर कळेल असं मिळालं, तर नाव मागे घेण्यात काहीही कमीपणा नाही. पुढच्या महिन्यात दुसरी स्पर्धा असतेच.