लुटुपुटीची सुई

कंबरदुखी हा आम्हा संगणकवाल्यांचा जणू कुलधर्मच! दुखणे जुने झाले, व्यायाम आणि गोळ्यांनी हात टेकले, की गाडी मज्जातंतूंवरच्या उपचारांकडे वळते. हे उपचार ज्या पद्धतीने तपासतात, त्यातला एक प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे. रुग्णाला जाणूनबुजून खोटा उपचार देणे योग्य आहे का?

मणक्याच्या हाडातील वेदना वाहून नेणारा मज्जातंतू उष्णतेने जाळण्याचा एक उपचार आहे. २०१८ साली त्याच्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २२५ रुग्णांपैकी १४७ जण खऱ्या उपचाराच्या गटात होते. उरलेल्या ७८ जणांना गुंगी देऊन सुई हाडापर्यंत नेली, पण जाळले काहीच नाही. तीन महिन्यांनी, शंभर गुणांच्या मोजपट्टीवर, पहिल्या गटाचा त्रास सुमारे २० गुणांनी उतरला. आणि लुटुपुटीच्या सुईवाल्यांचा? त्यांचाही सुमारे १५ गुणांनी!

नॉर्वेत तर, कंबरेच्या शस्त्रक्रियेनंतरही पाय दुखत राहिलेल्या ५० जणांच्या शरीरात मज्जारज्जूला विद्युत्स्पंद देणारे यंत्र बसवले आणि त्यांच्या नकळत ते कधी चालू, कधी बंद ठेवले. २०२२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दोन्ही काळांत आराम जवळपास सारखाच होता.

ही फसवणूक नव्हे का? टोचण्याची जोखीम खरी, उपचार मात्र खोटा. पण युधिष्ठिराने अश्वत्थाम्याबद्दलचे अर्धसत्य सांगण्यापूर्वी द्रोणाचार्यांची संमती घेतली नव्हती. इथे तुमच्या वाट्याला खोटी सुई येऊ शकते, हे आधी सांगून मगच सही घेतात. अर्थात, वेदनेने बेजार झालेला माणूस आशेपोटी कशावरही सही करील. म्हणून नुसती संमती पुरेशी नाही. जोखीम कमीत कमी हवी आणि उपचार गुणकारी ठरल्यास तो या रुग्णांनाही मिळायला हवा. पहिल्या चाचणीत वर्षभरानंतर तशी मुभा होती.

एवढे पाळले, तर मला ही पद्धत न्याय्य वाटते. लुटुपुटीची सुई नसती, तर काळाने, आशेने आणि आपुलकीने मिळालेले ते १५ गुणही आपण यंत्राच्याच खात्यावर जमा केले असते. न तपासलेला उपचार हजारोंना विकणे ही त्याहून मोठी फसवणूक. तिथे तर लुटुपुटीची शक्यता कोणी सांगतही नाही.

तेव्हा मंडळी, नवा उपचार सुचवला गेला, तर “किती जणांना गुण आला?” एवढ्यावर थांबू नका. “आणि खोट्या सुईने किती जणांना आला?” हेही जरूर विचारा.