ढेप गायनी

आमच्या घाण्यावर मोठी माय ढेपेची परीक्षा कागदानं करायची. ताज्या ढेपेचा तुकडा रद्दी वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायचा आणि तळहातानं दाबायचा. कागदावर तेलाचा डाग उमटला की ती नानांना म्हणायची, बस, बैल सोड. नाना म्हणायचे, अजून पावशेर निघेल. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं: "तेल आपलं, ढेप गायनी." गायनी म्हणजे गायीची.

आमचं घर तेल्याचं. अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी. भिंतीवर संताजी जगनाडे महाराजांची तसबीर होती. तुकोबांचे अभंग ज्यांच्या वह्यांमुळे टिकले असं परंपरा सांगते, ते चाकणचे तेली. आमच्याकडे तीळ, शेंगदाणा, करडई घाण्यात पडायची. तेल डब्यात, ढेप गोठ्यात, आणि डब्याच्या तळाशी बसलेली गाद गाडीच्या चाकाला. फेकण्याजोगं काही उरतच नव्हतं, त्यामुळे 'कचरा' हा शब्द मला घाण्यावर शिकायला मिळाला नाही. तो मी धुळ्याला शिकले, सरकीच्या तेलाच्या रिफायनरीत, जिथे प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काढली.

सरकीचं कच्चं तेल काळपट तांबडं असतं. ते ग्राहकाच्या बाटलीत फिकट पिवळं दिसेपर्यंत त्यातून बरंच काही काढून टाकावं लागतं. आधी पाण्यानं डिंकासारखा भाग सुटतो, त्यात लेसिथिन असतं. मग कॉस्टिक घातलं की आम्ल आणि रंग साबणासारख्या काळ्या लगद्यात खाली बसतात, तो सोपस्टॉक. मग माती घालून ब्लीच. शेवटी डीओडरायझर: निर्वात टाकीत २३० ते २५० अंशांवर तापलेल्या तेलातून वाफ सोडायची, म्हणजे वास निघून जातो. ती वाफ थंड केली की जे हाती येतं त्याला आम्ही नुसतं 'डिस्टिलेट' म्हणायचो. रजिस्टरमध्ये त्याचा रकाना 'वेस्ट' या मथळ्याखाली होता.

पहिल्या हिवाळ्यात त्या डिस्टिलेटचा नमुना मी काचेच्या चंचुपात्रात रात्रभर ठेवला होता. सकाळी पाहिलं तर तो तुपासारखा थिजलेला, तपकिरी, नाकाला झोंबणाऱ्या वासाचा. मी सोड्याच्या गरम पाण्यानं भांडं धुऊन टाकलं. त्या थिजलेल्या गोळ्यात टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व होतं, आणि वनस्पतींचे स्टेरॉल होते, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. वाचलेलं असूनही धुतलं. या गोष्टीची खंत मला अजून आहे, कारण भांडं धुताना त्या रकान्याचं नाव माझ्या हातात उतरलं होतं.

आज जगात विकलं जाणारं नैसर्गिक ई जीवनसत्त्व मुख्यतः अशाच डिस्टिलेटमधून येतं, बहुतेक सोयाबीनच्या. त्यातल्या आम्लांचे मिथेनॉलबरोबर एस्टर करून घेतात, थंड करून स्टेरॉलचे स्फटिक वेगळे काढतात, आणि अत्यंत कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करून टोकोफेरॉल मिळवतात. स्टेरॉल दिवसाला दोन ग्रॅम पोटात गेले तर वाईट कोलेस्टेरॉल आठ-दहा टक्क्यांनी उतरतं. नाल्यात गेलं असतं ते औषध झालं. माझा याला मनापासून पाठिंबा आहे.

सरकीची एक गोष्ट मात्र मला नेहमी थांबवते. १९२२ साली बर्कलीला इव्हान्स आणि बिशप यांना ठरावीक आहारावरच्या उंदरांच्या माद्या गर्भ टिकवू शकत नाहीत असं दिसलं आणि अन्नातला एक घटक दिल्यावर टिकवू लागल्या. तोच पुढे टोकोफेरॉल म्हणून ओळखला गेला. ग्रीक भाषेत त्या नावाचा अर्थ संतती देणारं. आणि ज्या सरकीत हे टोकोफेरॉल असतं तिच्यातच गॉसिपॉलही असतं. चीनमध्ये १९७० च्या दशकात पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून ते हजारो जणांना दिलं गेलं. काहींना कायमचं वंध्यत्व आलं, काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं, आणि अखेर तो नाद सोडावा लागला. कपाशीच्या झाडाला गॉसिपॉल किडीपासून वाचवतं. गायीच्या पोटात त्याचा बराचसा जोर मोडतो. म्हणजे एकाच दाण्यात देणारंही आहे आणि घेणारंही, आणि कुणाला काय लागू पडेल हे खाणाऱ्यावर आहे. मग त्यातलं 'टाकाऊ' कोणतं, हे दाण्याकडे पाहून कसं सांगणार?

निवृत्तीनंतर हा प्रश्न घेऊन मी अमळनेरच्या तत्त्वज्ञान केंद्रात जाऊ लागले. श्रीमंत प्रतापशेठांनी १९१६ साली ते उभारलं. साने गुरुजी शाळेत शिकवायला लागण्याआधी काही काळ तिथे होते. याच अमळनेरात १९४५ च्या डिसेंबरात हाशम प्रेमजींनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला, तोच आजचा विप्रो. तेल काढताना जे मागे पडायचं त्यातून तिथे ७८७ नावाचा कपड्यांचा साबण निघायचा. आमच्या घरी धुणं त्यानंच व्हायचं. एका गावात ब्रह्माची चर्चा आणि तेलाच्या उरल्यासुरल्याचा साबण हे शेजारी नांदले. मला ते दोन्ही एकाच कामाचे भाग वाटतात.

तत्त्वज्ञान केंद्रात अथर्ववेदाच्या अकराव्या कांडातलं सातवं सूक्त वाचायला मिळालं. त्याचं दैवत 'उच्छिष्ट' आहे. आपण ज्या शब्दाला नाक मुरडतो त्यावर तिथे नाम-रूप, द्यावापृथ्वी, सगळं उभं आहे. भाष्यकार त्याचा अर्थ यज्ञात उरलेला ओदन असाही लावतात आणि सगळं वगळल्यावर उरणारं ब्रह्म असाही. मला पहिला अर्थ जवळचा. कारण गीतेचा तिसरा अध्याय त्याच दिशेनं जातो: आधी द्यावं, मग जे उरेल ते खावं. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ च्या २१ फेब्रुवारीपासून विनोबा दर रविवारी एकेक अध्याय सांगत होते आणि साने गुरुजी लिहून घेत होते. तिसऱ्या अध्यायाचा रविवार ६ मार्चचा. माझ्या रिफायनरीपासून तो तुरुंग फार लांब नव्हता, आणि एकतीस वर्षांत एकदाही माझ्या मनात हे आलं नाही की आमचा क्रम उलटा आहे. आम्ही आधी घेतो. घेऊन झाल्यावर जे राहतं ते वेस्ट. देऊन झाल्यावर जे राहतं ते यज्ञशेष. पदार्थ तोच असू शकतो.

म्हणून ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि शंकाही आहे. २००० साली 'होप' चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयविकाराचा धोका असलेल्या नऊ हजारांहून जास्त लोकांवर नैसर्गिक ई जीवनसत्त्वाचा प्रयोग साडेचार वर्षं झाला, हृदयाला काही फायदा दिसला नाही. २०११ मध्ये दुसऱ्या एका चाचणीत कृत्रिम ई जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. दाण्यात असताना जे तेलाला खवट होऊ देत नव्हतं, ते एकटं काढून मोठ्या मात्रेत दिलं तर तेवढंच गुणकारी राहील असं कुणी धरून चालू नये.

माझी खरी तक्रार आणखी मागची आहे. घाण्याच्या ढेपेत साधारण दहा टक्के तेल राहायचं. हेक्झेन या सॉल्व्हंटनं धुतलेल्या ढेपेत एक टक्काही राहत नाही. यंत्राच्या हिशेबात घाणा अकार्यक्षम, पण ते दहा टक्के तेल मोठ्या मायेच्या हिशेबात गायीचं होतं आणि ती आधीच बाजूला काढत होती. उरलेल्यातून औषध काढणाऱ्यांना मी हेच विचारते: शेवटचा थेंब काढून झाल्यावर गायीसमोर काय ठेवणार? हमालाला, टाकीत उतरून गाळ काढणाऱ्याला त्या कॅप्सूलच्या भावातून काय पोहोचतं? मी हा प्रश्न कामावर असताना एकदा विचारला होता. बघू म्हणाले.

परवा सॉल्व्हंटच्या ढेपेचं पोतं शेजारच्या गोठ्यात आलं होतं. मूठभर घेऊन कागदात दाबली. कागद कोरडा. मग बाजारात नव्यानं सुरू झालेल्या लाकडी घाण्यावर गेले, शेंगदाण्याच्या ढेपेचा तुकडा मागितला आणि तिथेच उभ्यानं पिशवीतल्या वर्तमानपत्रात दाबला. घडी उघडली तर मथळ्यावर रुपयाएवढा डाग, कडेनं अजून पसरत होता. घाण्यावरचा मुलगा विचारत होता, मावशी, काय पाहताय? मी तुकडा त्याच्या दाराशी बांधलेल्या गायीपुढे धरला.