जागरातून उठून जाणारा

एकादशीच्या कीर्तनातून रात्री दहाच्या सुमारास उठून जाणाऱ्या माणसाला आपण मनात काय म्हणतो? तोंडाने कोणी बोलत नाही. पण टाळ चालू असतानाच चार माना वळतात आणि त्या वळलेल्या मानांत निकाल लागलेला असतो. निष्ठा कमी, देहाचे लाड फार, आजकालची पोरे अशीच. हा निकाल देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, एवढाच प्रश्न आज संतसज्जनांपुढे ठेवायचा आहे.

ज्याच्यावरून हा विचार मनात आला तो मुलगा बदलापूरचा, वय एकोणीस-वीस. वडील अंबरनाथच्या कारखान्यात, आई घरी शिवणकाम करते. नाव सांगत नाही, त्याला ते आवडणार नाही. सकाळच्या लोकलने निघतो, विठ्ठलवाडीला उतरतो आणि उल्हासनगरात एका फर्निचरच्या दुकानात हिशेब लिहितो. रात्री कॉलेजचा अभ्यास. (आमच्या या मार्गावरच्या गाडीत दिवसातून कितीदा विठ्ठलाचे नाव कर्ण्यावरून पुकारले जाते आणि उतरणाऱ्यांपैकी किती जणांच्या ते कानांत शिरते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) टाळ घेऊन भजन करणारी मंडळी ज्या डब्यात असतात त्याच डब्यात तो चढतो, पण गात नाही. कोपऱ्यात उभा राहून मनातल्या मनात हरिपाठ म्हणतो. अंबरनाथ गेले, उल्हासनगर गेले, विठ्ठलवाडी आली की राहिलेला हरिपाठ परतीच्या गाडीसाठी ठेवतो.

दाराशी मात्र तो कधी उभा राहत नाही. बरोबरीची पोरे वारा खात दाराला लोंबकळतात, हा आत घुसतो. ती त्याला भित्रा म्हणतात. आमच्या मंडळातही तो भिंतीला टेकून बसतो. पावली खेळायला हात धरून ओढले तर अंग चोरतो. आपल्यात एकमेकांच्या पायां पडण्याची रीत आहे. एखादा सत्तरीचा वारकरी त्याच्या पायाला हात लावू लागला की हा इतका कासावीस होतो की पाहवत नाही.

कारण एकच. त्याला फिट येते, बाराव्या वर्षापासून. सकाळ-रात्र गोळ्या चालू आहेत, आणि डॉक्टरांनी बजावले आहे की गोळी चुकवायची नाही, झोप मोडायची नाही, फार वेळ उपाशी राहायचे नाही. आपला जागर आणि त्याची झोप यांचा असा उभा दावा. म्हणून तो दहाला उठतो. हे दोन वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. पाय कोणी धरू लागले की त्याला वाटायचे, या माणसाला माझ्या देहाची गोष्ट कळली तर तो हात धुऊन घेईल.

एका भल्या माणसाने, हेतू चांगलाच होता, त्याला सांगितले, “गळ्यात माळ घातलीस ना? मग गोळ्या कशाला? पांडुरंगावर भार टाक.” पोराने भार टाकला. आषाढी चार दिवसांवर असताना गोळ्या बंद केल्या. दशमीला संध्याकाळी स्टेशनच्या पुलावर पडला. डोक्याला टाके पडले. पायऱ्या दोन हात पुढे होत्या म्हणून वाचला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याने दुखण्याची तक्रार केली नाही. म्हणाला, “बुवा, माझी श्रद्धा कमी पडली का?”

हा प्रश्न त्याच्या तोंडी आला, पण तो त्याच्या डोक्यात घालणारे आपण आहोत. पूर्वपक्ष असा मांडला जातो की रोग हे पूर्वकर्माचे फळ, नामाने कर्म जळते, म्हणून ज्याचा रोग जात नाही त्याचे नाम खरे नाही. ऐकायला हे फार सरळ वाटते. पण आळंदीच्या पद्धतीने ज्यांनी चार दिवस पंचदशी आणि विचारसागर ऐकला आहे, त्यांना यातली खोट लगेच दिसेल. जळते ते संचित. प्रारब्ध हा धनुष्यातून सुटलेला बाण. ज्ञान्याचासुद्धा तो परत येत नाही. ज्ञान्याला भूक लागते, ज्ञान्याला ताप येतो. मग बदलापूरच्या पोराकडून ज्ञान्यापेक्षा जास्तीची अपेक्षा का? बरे, प्रारब्ध आहे म्हणून औषध नको म्हणावे, तर भूकही प्रारब्धानेच लागते. भाकरी समोर आली की तिथे कोणी प्रारब्धाचा सिद्धांत काढत नाही.

पंचदशीतल्या तृप्तिदीपात विद्यारण्यस्वामींनी एक फार नेमका विचार केला आहे. ज्वर प्रत्येक देहाला आहेत, म्हणतात. धातू बिघडले की होणारे व्याधी हा स्थूल देहाचा ज्वर, आणि काम-क्रोध हा सूक्ष्म देहाचा ज्वर. आता आपला व्यवहार पाहा. स्थूल देहाचा ज्वर ज्याला आहे त्याच्याकडे आपण संशयाने बघतो. आणि ज्याला सूक्ष्म देहाचा ज्वर चढलेला आहे, जो विणेकऱ्याच्या मानावरून मंडळात भांडण लावतो, गंध पुसट झाले म्हणून सुनेवर डाफरतो, त्याला आपण महाराज म्हणून पाटावर बसवतो. त्याला कोणी विचारत नाही की तुमचे नाम खरे की खोटे.

अपस्मार हा रोग आहे, हे काही आज इंग्रजी शिकलेल्या डॉक्टरांनी शोधून काढलेले नाही. चरकसंहितेत निदानस्थानात त्याचा अध्याय आहे आणि चिकित्सास्थानात वेगळा अध्याय आहे. ज्याची चिकित्सा सांगितली तो उपचार करण्यासाठीच. आणि व्रताची भीती कोणी घालत असेल तर व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी धर्मशास्त्रकारांनी मोजून ठेवल्या आहेत. पाणी, मुळे, फळे, दूध यांच्यापासून सुरू होणारी ती यादी गुरूच्या आज्ञेवर आणि औषधावर संपते. औषध घेतल्याने एकादशी मोडत नाही, हे शास्त्र आहे, सवलत नव्हे.

आता राहिली त्याची लाज. इथे मी जरा थांबतो, कारण आपण कीर्तनकार मंडळी लाज सोडा, लाज सोडा असे फार सांगतो. लौकिकाची लाज सोडून नाचावे हे खरेच. पण गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना करताना ‘ह्री’ हा गुण स्पष्ट घेतला आहे. ह्री म्हणजे लाज. माउली तिचे विवरण करतात तेव्हा पुन्हा पुन्हा जन्मायचे, पुन्हा पुन्हा मरायचे, या साडेतीन हातांच्या देहात अडकायचे, याचीच लाज सांगतात. ही लाज देह धारण करणाऱ्या प्रत्येकाची आहे. तुमची आहे, माझी आहे, ज्याला कधी सर्दीही झाली नाही त्याचीही आहे. एका रोग्याने एकट्याने ती वाहायची, आणि निरोगी माणसांनी त्याच्याकडे बघायचे, असे माउलींनी कुठेही म्हटलेले नाही. त्या पोराजवळ दोन गोष्टी एकत्र गुंतल्या आहेत. जन्मजात मऊ स्वभाव हा त्याचा गुण आहे, त्याला हात लावू नये. ज्याला मनात हरिपाठ म्हणायचा आहे त्याला म्हणू द्यावे, पांडुरंगाला काही ओरडून सांगावे लागत नाही. पण आजार कळला तर लोक दूर करतील ही जी भीड आहे, ती त्याच्यात जन्मलेली नाही. ती आपण घातलेली आहे, आणि काढायचीही आपणच.

ती काढावी कशी, याचा पाठ आपल्या संप्रदायात मुक्ताबाईंनी घालून दिला आहे. लोकांच्या वागण्याने दुखावून ज्ञानोबाराय झोपडीची ताटी लावून आत बसले. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हा माउलींचे वय पंधरा-सोळाचे, म्हणजे आपल्या या मुलाहूनही लहान. आपण ताटीचे अभंग आळवतो ते ज्ञानदेवांच्या बाजूने ऐकून. एकदा मुक्ताबाईंच्या बाजूने ऐकावेत. आत बसलेल्याने बाहेर यावे, हे खरे. पण कोणीतरी ताटीपाशी गेले होते. धाकटी बहीण स्वतः चालून गेली, उभी राहिली, पुन्हा पुन्हा बोलली. आत बसलेला मुलगा भित्रा आहे असे गावाला सांगत ती फिरली नाही.

आणि जागराला पुरे न बसणाऱ्याची योग्यता मोजणाऱ्यांनी कूर्मदासाची कथा आठवावी. हातपाय नसलेला तो भक्त पैठणहून पंढरीला लोळत निघाला आणि लऊळला येऊन थकला. पंढरी तिथून पुढे राहिली. तो पोचला नाही. देव संतांना घेऊन लऊळला आला. चालवत नाही म्हणून कूर्मदासाच्या निष्ठेची चौकशी देवाने केली नाही.

आमच्या मंडळात आता चार माणसांना ठाऊक आहे, त्याच्याच संमतीने. त्याची जागा पखवाजापासून दूर, दाराजवळ ठेवली आहे; उठताना कोणाला ओलांडावे लागत नाही. कीर्तनात कोणी असा पडला तर काय करावे, हे डॉक्टरांकडून समजून घेतले ते इथे लिहितो, कारण वारीतही उपयोगी पडेल. भोवतीची गर्दी हटवावी, टाळ-वीणा बाजूला सारावी. त्याला एका कुशीवर वळवावे, डोक्याखाली उपरणे घालावे, गळ्याशी घट्ट काही असेल तर सैल करावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी, तीर्थसुद्धा घालू नये. चप्पल आणि कांदा हुंगवण्याचा अडाणीपणा तर मुळीच नको. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, किंवा लागोपाठ आले, तर गाडी करून दवाखाना गाठावा. थांबले तर त्याला शुद्ध पुरती येईपर्यंत कोणीतरी एकाने जवळ बसावे, आणि तो डोळे उघडेल तेव्हा भोवती माना वाकवून बघणारे कोणी असू नये. कीर्तनकाराने चालू चरण सोडू नये.