जुने वाद जपावेत की जाळावेत?

नोकरीधंद्याच्या निमित्ताने बेंगळुरूत येऊन स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांचा आमचा एक लहानसा मेळावा आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी मराठीतून उपासना होते, मग चहा होतो आणि पुष्कळ गप्पा होतात. काही महिन्यांपूर्वी आमच्यातील एका वयोवृद्ध बंधूंनी घर बदलताना माळ्यावरून एक जाड वही खाली काढली व ती सोबत आणली. तीत 1980 च्या दशकातील आमच्या पंच कमिटीच्या सभांची इतिवृत्ते होती.

त्या वहीची जवळजवळ तीस पाने एकाच भांडणाने व्यापली आहेत. इमारतीसाठी जमविलेल्या निधीचा हिशेब लागत नव्हता. एका सभासदाने खजिनदारांकडे बोट दाखविले, दुसऱ्याने दुजोरा दिला, तिसऱ्याने त्यांच्या राहणीमानाविषयी शेरे मारले आणि चिटणीसांनी ते सारे प्रामाणिकपणे लिहून ठेवले. आठ महिन्यांनी रक्कम सापडली. ती बँकेत दुसऱ्याच खात्यावर जमा झाली होती. ही नोंद मात्र अवघ्या दोन ओळींची आहे. खजिनदार तोवर मेळावा सोडून गेले होते. आज ते हयात नाहीत. त्यांची कन्या मात्र आपल्या मुलाबाळांसह आमच्या उपासनेस नियमित येते.

वही जाळून टाकावी, असे बहुतेकांचे मत पडले. त्यामागील भावना थोर होती, हे मी प्रथमच कबूल करतो. यिर्मया संदेष्ट्याच्या मुखाने देव आपल्या लोकांचे पाप पुन्हा न स्मरण्याचे अभिवचन देतो. मग आपण कोण हिशेब ठेवणारे? हा प्रश्न मला बरेच दिवस अस्वस्थ करीत राहिला.

परंतु ज्या पवित्र शास्त्रात हे अभिवचन आहे, त्याच शास्त्राने भांडणे किती निगुतीने जपून ठेवली आहेत, हेही पाहिले पाहिजे. मार्काला सोबत न्यावे की नाही, यावरून पौल व बर्णबा यांचे इतके बिनसले की त्यांनी वेगळ्या वाटा धरल्या. प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्याने ते झाकले नाही. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला, हे गलतीकरांस पाठविलेल्या पत्रात आजही वाचावयास मिळते. सर्वांत विलक्षण उदाहरण ईयोबाच्या पुस्तकाचे. ईयोबाचे मित्र अध्यायामागून अध्याय बोलतात आणि शेवटी त्यांचे बोलणे यथार्थ नव्हते, असा निर्णय देव स्वतः देतो. तरी त्यांची भाषणे कुणी गाळली नाहीत. ती गाळली असती तर ईयोबाची उत्तरे कशाची उत्तरे आहेत हे कुणाला कळले असते? उलटपक्षी, लिहिलेले नाहीसे करणाराही एक राजा शास्त्रात आहे. यहोयाकीमाने यिर्मयाची गुंडाळी चाकूने कापून शेगडीत टाकली. बारूखाने ती पुन्हा लिहिली आणि तीत आणखी मजकूर घातला.

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासाकडे वळलो तर असे दाखले विपुल आहेत. 1857 च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी यांच्यात धर्मविषयक वाद झडले. मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्यांची इंग्रजीत नोंद केली. विष्णुबावांच्या पश्चात 1872 मध्ये त्यांच्या बाजूने मराठी पुस्तक निघाले. दोन्ही बाजूंनी एकमेकांना लागेल असे पुष्कळ म्हटले होते, आणि आज त्यातील काही वाक्ये आपल्यालाच लाज आणतात. पण यांपैकी एकच नोंद उरली असती तर आपल्याला वाद मिळाला नसता, नुसती फुशारकी मिळाली असती.

नीळकंठशास्त्री गोरे यांची गोष्ट तर अधिकच विचार करावयास लावते. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने 1844-45 च्या सुमारास शास्त्रतत्त्वविनिर्णय हा ख्रिस्ती मताचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथ रचला. 1848 मध्ये जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला व ते नेहेम्या गोरे झाले. पुढे पंडिता रमाबाईंच्या बाप्तिस्म्यामागेही त्यांच्या लेखनाचा वाटा होता. त्यांच्या त्या पहिल्या ग्रंथाचे काय करावयास हवे होते? तो 1951 मध्ये उज्जैनहून छापला गेला, हे मला तरी भाग्याचे वाटते. ज्या शंका त्यांनी स्वतः तीक्ष्ण शब्दांत मांडल्या होत्या, त्या वाचल्यावाचून त्यांच्या पुढील निर्णयाची किंमत कळत नाही.

आणि स्वतः रमाबाई! इंग्लंडमध्ये वाँटेज येथे 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. चर्चचा अधिकार, त्रैक्याचे मत, लहानग्या मनोरमेचे संगोपन, कितीतरी विषय. रमाबाई ऐकून घेणाऱ्या नव्हत्या आणि जेराल्डिनबाई सोडून देणाऱ्या नव्हत्या. पुढे ही पत्रे एकत्र केली ती जेराल्डिन यांनीच. स्वतःच्या विरोधातील कठोर शब्द त्यांनी जपले आणि ते ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली 1977 मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झाले. स्वतंत्र बुद्धीची रमाबाई आपल्याला दिसते ती प्रामुख्याने या भांडणातून. एका कडक शिक्षिकेचे हे ऋण आपण फारसे मान्य करीत नाही.

आमच्या वहीत आणि या पत्रांत एक अंतर मात्र आहे, ते लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. रमाबाई किंवा गोरे हे मतांसाठी भांडत होते. आमच्या खजिनदारांनी कोणतेही मत मांडले नव्हते. त्यांच्यावर आळ आला होता. मताला इतिहासाचा अधिकार पोहोचतो. आळाला पोहोचतोच असे नाही. जानेवारी 2017 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयासमोर असाच पेच आला होता. एका पित्याची विनंती होती की जुन्या प्रकरणाच्या आदेशातील आपल्या कन्येचे नाव इंटरनेटवर शोधणाऱ्याला सापडू नये. सार्वजनिक शोधात ते नाव येऊ नये याची काळजी घ्यावी, असे न्यायालयाने सांगितले. मूळ आदेशातून मात्र ते पुसले नाही. रीतसर नक्कल मागणाऱ्याला नाव दिसणारच. चव्हाट्यावर मांडणे आणि दप्तरात ठेवणे यांत न्यायालयाने केलेला हा भेद मला मोलाचा वाटतो. याच शहरात 1910 मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजच्या अभिलेखागारात मिशनांची व मंडळ्यांची जुनी कागदपत्रे सांभाळली जातात. अभिलेखागाराचे दार उघडे असते, पण तेथे जावे लागते, मागावे लागते, बसून सगळे वाचावे लागते. तीस पाने वाचणाऱ्याला एकतिसावे पानही लागते.

माझ्या मते खरी अडचण येथेच आहे. वही जाळल्याने आरोप जळत नाही. तो आमच्यातील दोन-तीन वृद्धांच्या आठवणीत आहे, आणि तेथे तो शेवटच्या दोन ओळींवाचून आहे. कागद गेला तर जाईल ती निर्दोषत्वाची नोंद. कुजबुज राहील. शिवाय क्षमा करण्याचा अधिकार ज्यांचा, ते तर निघून गेले. त्यांच्या वतीने आपण काडी लावावी, यात क्षमेपेक्षा आपलीच सुटका अधिक आहे की काय, अशी मला शंका येते. ज्यांनी शेरे मारले त्यांची नावेही त्याच पानांवर आहेत, आणि जाळण्याचा आग्रह धरणाऱ्यांत त्यांपैकी एक होते. हे मी रागाने लिहीत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच सुचविले असते.

मी एवढेच सुचविले की, ज्यांच्या पित्याचा हा प्रश्न आहे त्यांना आधी विचारावे. तसे ठरले. ताईंनी वही घरी नेली आणि दोन महिने काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या उपासनेनंतर त्यांनी ती परत आणून टेबलावर ठेवली. जाळू नका आणि माळ्यावरही टाकू नका, कपाटात ठेवा, असे त्या म्हणाल्या. शेवटच्या दोन ओळींच्या पानाची झेरॉक्स त्यांनी काढून घेतली होती.